आपल्या गावावरून गेलेली विमानं



मागच्या वेळी आपल्या स्टेशनाबद्दल लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी सुचवलं की रेल्वेचं झालं, आता विमानाचंही लिहा. त्यावर लगेच एकाचा टोला आला, ‘बुऱ्हाणपुरात विमान आहेच कुठं?’ खरं आहे. आपल्या गावातून तिकीट काढून बसावं असं नियमित विमान आजवर सुटलेलं नाही. पण विमान सुटत नाही म्हणून विमानाचा इतिहास नाही, असं थोडंच आहे? इंदूर, नागपूर आणि जळगाव या तीन गावांत जे घडलं, त्याचा आपल्या घरांशी जवळचा संबंध आहे. कोण कुठे नोकरीला गेलं, पत्र किती दिवसांत आलं, शेवटच्या दर्शनाला कोण पोचलं आणि कोण नाही, हे सगळं त्यात येतं.

आधी एक गंमत करा. भारताचा नकाशा घ्या, मुंबई आणि प्रयागराज यांच्यावर पट्टी ठेवा आणि सरळ रेघ ओढा. ती रेघ जवळजवळ आपल्या डोक्यावरूनच जाते. आता हीच दोन गावं रेल्वेनं जोडा. भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी, जबलपूर अशी ती लाईनही आपल्या दारातूनच जाते. म्हणजे जमिनीवरून बघा की वरून, दख्खनेतून गंगेकडे जायचं तर आपण वाटेत येतो. सातपुड्यातली ती अशीरगडाची खिंड उगीच नाही ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणून ओळखली जात. फरक एवढाच की जमिनीवरून जाणाऱ्याला दारातून जावंच लागतं. वरून जाणाऱ्याला दाराची गरज नसते.

हे नीट लक्षात यावं म्हणून थोडं मागे जाऊ. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला, तो साधारण दोन आठवड्यांनी बुऱ्हाणपुरात पोचला. इथं जहांगीरचा मुलगा परवेझ होता, त्याला भेटून मगच तो पुढे गेला. त्याला दुसरा इलाजच नव्हता. अडीचशे वर्षांनी रेल्वे आली. १८७० मध्ये मुंबई ते अलाहाबाद ही लाईन पूर्ण झाली आणि मुंबई-कलकत्ता असा सलग प्रवास होऊ लागला. त्या प्रवासाची जगभर एवढी चर्चा झाली की ज्यूल व्हर्न नावाच्या फ्रेंच लेखकानं ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ या कादंबरीत तीच गाडी घेतली. त्याचा नोकरपात्र पासपार्तू आपल्या स्टेशनावर उतरून खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो! व्हर्न कधी इकडे फिरकलाही नव्हता, तरी गाडी थांबते म्हणून गावाचं नाव जगभर वाचलं गेलं. विमानाच्या कादंबरीत हे झालं नसतं.

आता विमानाकडे येतो. हवाई टपालाचा जगातला पहिला अधिकृत प्रयोग आपल्याच लाईनीच्या दुसऱ्या टोकाला झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १८ फेब्रुवारी १९११. अलाहाबादेत मोठं प्रदर्शन भरलं होतं. आंरी पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण साधारण साडेसहा हजार पत्रं घेऊन उडाला आणि यमुना ओलांडून नैनीला उतरला. उड्डाण जेमतेम पाव तासाचं. नैनीहून पत्रं पुढे रेल्वेनं गेली. नैनीहून मुंबईकडे येणारी लाईन म्हणजे आपलीच, पंजाब मेल आणि कामायनीच्या खिडकीतून आपण रोज बघतो ती. तेव्हा हवाई टपालाच्या पहिल्या दिवसापासून विमान आणि रेल्वे यांची जोडी होती. विमान मोठी झेप घेणार आणि घरापर्यंतचं काम रेल्वे करणार. ही जोडी ध्यानात ठेवा, पुढे परत येणार आहे.

(इथे एक बाजूची गोष्ट. दरवर्षी आपल्या ग्रुपवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याचा मेसेज फिरतो. तळपदे होते, त्यांना विमानाचा ध्यास होता, हे खरं. पण उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये केला आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे, असं सांगितलं. मराठी माणसाला विमानाच्या बाबतीत मिरवायला खरं बरंच आहे. ते पुढे सांगतो.)

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. हे बहुतेकांना पाठ असतं. पण मुंबईहून तेच टपाल घेऊन पुढे बेल्लारीकडे विमान नेणारा नेव्हिल व्हिन्सेंट मात्र विसरला जातो. टाटांना विमान कंपनीची कल्पना देणारा हाच माणूस. जुहूला पावसाळ्यात एवढा चिखल व्हायचा की विमानांचं बिऱ्हाड पुण्याला येरवड्यात हलवावं लागे. अशा दिवसांत, १९३५ मध्ये, इंदूरच्या होळकर सरकारनं विमानतळासाठी जागा शोधायला या व्हिन्सेंटचाच सल्ला घेतला. बिजासन टेकडीजवळची जागा ठरली. आज देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ उभा आहे तीच ही जागा. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली, ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी थांबत जायची. तिन्ही संस्थानांच्या राजधान्या, बघा. व्हिन्सेंट पुढे महायुद्धात, १९४२ मध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ विमान पाडलं जाऊन गेला. इंदूरला उतरताना मला दर वेळी त्याची आठवण येते. त्याच्या नावाची एखादी पाटी तिथं असायला हरकत नाही, असं माझं मत.

आता प्रश्न असा, की १९३७ मध्ये इंदूरला विमान आलं याचा बुऱ्हाणपूरकराला काय उपयोग? खरं सांगायचं तर काहीच नाही. इंदूर होळकरांचं, आणि आपण इंग्रजांच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. आपला जिल्हा निमाड, आपली राजधानी नागपूर. इंदूरला जायचं तर खंडव्याला उतरून छोट्या गाडीत, म्हणजे मीटरगेजमध्ये बसायचं आणि पाताळपाणीचा घाट चढायचा. कोर्टाचं मोठं काम असो, कॉलेज असो की मोठ्या साहेबाची सही, आपली वाट भुसावळला गाडी बदलून नागपूरची होती. आपल्या किती घरांतले आजोबा नागपूरला शिकले, ते आठवून बघा.

म्हणूनच विमानाच्या इतिहासात आपला खरा काळ नागपूरचा आहे. आणि तो काळ मोठा मजेदार आहे.

स्वातंत्र्यानंतर दीड वर्षात, ३० जानेवारी १९४९ ला, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. कल्पना एवढी सोपी की ऐकून आश्चर्य वाटतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची. चौघंही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला, सोनेगावच्या धावपट्टीवर, एकत्र यायची. तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. थैल्या बदलल्या की चारही विमानं परत फिरायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात. म्हणजे मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या पोस्टमनच्या हातात. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते, त्यांनी हे नेटानं करून घेतलं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातली पत्रं जादा हवाई शुल्क न घेता, जिथं शक्य तिथं विमानानं न्यायची पद्धत सुरू झाली.

नागपूरच का? नकाशा बघितला की कळतं. चारही शहरांपासून मध्यावर असं दुसरं गाव नाही. भूगोलानं नागपूरला जे दिलं, ते एकेकाळी बुऱ्हाणपूरला दिलेलं होतं, हे आपलं दुखणं वेगळं!

या विमानांत टपालासोबत माणसंही असायची. रात्रीचं भाडं दिवसाच्या मानानं कमी, म्हणून वकील, व्यापारी, परीक्षेला जाणारे, असे लोक झोपमोड सोसून जायचे. डाकोटा विमान, दोन पंख्यांचं, पंचवीसेक माणसांचं. मधल्या वेळेत नागपूरला उतरून चहा. ज्यांनी तो प्रवास केला, त्यांच्या सांगण्यात विमानापेक्षा तो मध्यरात्रीचा चहाच जास्त येतो. आणि पत्रांचं म्हणाल, तर कलकत्त्याहून वा मद्रासहून निघालेलं पत्र एका रात्रीत नागपूरला येऊन पुढे भुसावळमार्गे रेल्वेनं आपल्याकडे यायची सोय झाली. पुन्हा तीच जोडी, झेप विमानाची आणि घरपोच काम रेल्वेचं.

सुताच्या, कापडाच्या धंद्यात पत्र दोन दिवस आधी येणं म्हणजे काय, हे आपल्या गावाला सांगायला नको. भाव कळला की सौदा. ज्या घरातला मुलगा लांब नोकरीला होता, तिथं तर विचारूच नका. तार आली की घरात रडारड, कारण तार म्हणजे वाईटच बातमी असा समज. पत्र लवकर येऊ लागलं तशी ती धास्ती थोडी कमी झाली असणार. ही सेवा १९७० नंतरच्या काही वर्षांपर्यंत चालली.

मध्ये १ ऑगस्ट १९५३ ला विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, परदेशी सेवा एअर इंडियाकडे गेली. टाटांना ते आवडलं नव्हतं. पण आपल्या दृष्टीनं त्यापेक्षा मोठी गोष्ट तीन वर्षांनी घडली.

१ नोव्हेंबर १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, आपण नव्या मध्य प्रदेशात. राजधानी भोपाळ. एका दिवसात आपली दिशा बदलली. जी घरं पूर्वेकडे नागपूरला बघत होती, त्यांना उत्तरेकडे बघायला सांगण्यात आलं. इंदूर आता परकं संस्थान राहिलं नाही, ‘आपलं’ मोठं शहर झालं. हद्द मात्र इच्छापूरच्या पलीकडे तशीच राहिली. रावेर, सावदा, फैजपूर, जिथं आपल्या लेकी दिलेल्या आणि सुना आणलेल्या, ते सगळं ‘दुसऱ्या राज्यात’च राहिलं. भाषा तीच, तापी तीच, केळीही तीच. पण रस्ता कुठपर्यंत डांबरी करायचा, बस कुठपर्यंत सोडायची आणि पुढे विमानतळ कुठं बांधायचा, हे ठरवणारी कार्यालयं दोनच राहिली, आणि दोघांच्या नकाशावर पलीकडचा भाग कोरा असतो.

त्याच वर्षी, २६ एप्रिल १९५६ ला, पंडित नेहरूंनी नेपानगरचा कागद कारखाना देशाला अर्पण केला. वर्तमानपत्राचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. विमानाच्या गोष्टीत हा कशाला, असं वाटेल. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं बोइंग आलं, जंबो आलं, या बातम्या आपण ज्या कागदावर वाचल्या त्यातला कितीतरी आपल्या सातपुड्याच्या लाकडाचा आणि बांबूचा होता. विमान बघायला नाही मिळालं, त्याचा फोटो छापायचा कागद मात्र आपण दिला!

साठ-सत्तरच्या दशकात विमानात बसणं हीच बातमी होती. कुणी बसलं तर परत आल्यावर घरी माणसं भेटायला यायची. मग मुलं शिकून बाहेर पडू लागली. आधी पुणे-मुंबई, मग आखात, मग अमेरिका. आपल्या शेजारच्या बोहरा मंडळींना हे आधीपासून सवयीचं. दर्गाह-ए-हकिमीच्या दर्शनाला आफ्रिकेतून, आखातातून, युरोपातून लोक येतात, मुंबईला विमानातून उतरतात आणि रेल्वेनं बुऱ्हाणपूरला येतात. विमानतळ नसलेल्या आपल्या स्टेशनावर परदेशी बॅगांची चिठ्ठी लावलेलं सामान वर्षानुवर्षं उतरतं आहे. हमालांना विमान कंपन्यांची नावं आपल्याआधी पाठ झाली असतील.

आपल्या घरातली मुलं परदेशी गेली तेव्हा मात्र त्या शेवटच्या टप्प्याची किंमत कळली. कॅलिफोर्नियाहून निघालेला मुलगा चोवीस तासांत मुंबईत उतरतो. तिथून बुऱ्हाणपूर साधारण ५०० किलोमीटर. रेल्वेनं आठ-नऊ तास. पण गाडी त्याच्या वेळेला असेल तर, आरक्षण मिळालं तर, आणि विमान उशिरा आलं नाही तर. पहाटे तीनला सहारवर उतरलेला माणूस दुपारी घरी पोचेल की रात्री, हे कुणी सांगू शकत नाही. आणि ज्या कारणासाठी तो धावत येत असतो, ते कारण थांबत नाही. आपल्यापैकी किती घरांत हे झालंय, की बर्फ आणून ठेवलाय, दारात माणसं उभी आहेत, जाणती मंडळी हलक्या आवाजात म्हणताहेत की आता फार थांबता येणार नाही, आणि मुलाचा फोन कल्याणहून येतो. अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून आलेला मुलगा शेवटच्या पाचशे किलोमीटरात हुकतो. मग तो राजघाटावर पोचतो तेव्हा फक्त अस्थी गोळा करायच्या उरतात. मी नावं घेत नाही. वाचणाऱ्यांना आपापली नावं आठवतील.

हलकं काहीतरी सांगायचं तर दराबा. परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेत दराबा हमखास. हलका, टिकाऊ, गळत नाही. मावा जिलबीचा मात्र विमानाशी काही जमत नाही. तेवीस किलोंच्या हिशेबात पाकाचं वजन धरावं की नाही, यावरून आमच्या घरी एकदा मोठा वाद झाला होता. शेवटी जिलबी मुंबईच्या वाटेवर नाशिकच्या आधीच संपली.

मग जळगाव. गंमत अशी की हा विमानतळ आपल्या शेजारी कितीतरी वर्षं होता आणि आपल्याला त्याचं काही वाटलं नाही. १९७३ मध्ये महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं तिथं धावपट्टी बांधली. मंत्र्यांची छोटी विमानं यायची-जायची, बाकी शांतता. खरं रूप पालटलं ते प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्यावर. त्या जळगावच्या. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, १९६७ ते १९८५ त्या एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या आमदार होत्या. आपल्या हद्दीला लागून असलेला मतदारसंघ. २५ नोव्हेंबर २००९ ला पुण्याच्या लोहगाव तळावरून त्या सुखोई-३० लढाऊ विमानात बसून आकाशात गेल्या, तेव्हा त्यांचं वय ७४ होतं. तो वैमानिकाचा पोशाख घातलेला फोटो पाहून आपल्याकडच्या आज्यांना काय आनंद झाला होता! मराठी बाईनं विमानाच्या बाबतीत मिरवावं असं आणखी एक नाव म्हणजे कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर या फोकर विमानाच्या सगळ्या कर्मचारी स्त्रिया होत्या, आणि कप्तान सौदामिनीबाई. चौपाटीच्या दंतकथेपेक्षा हे मेसेज फिरवा की.

२०१२ मध्ये प्रतिभाताईंच्याच हस्ते जळगावच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. नवी इमारत, साधारण १,७०० मीटरची धावपट्टी. फक्त विमान नव्हतं! पाच वर्षं ती इमारत प्रवाशांची वाट बघत राहिली. मग केंद्राची ‘उडान’ योजना आली, छोट्या गावांच्या विमानांना सरकारनं पैशाची मदत द्यायची आणि काही जागांचं भाडं बांधून द्यायचं. २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनचं एकोणीस जणांचं छोटं विमान मुंबई-जळगाव सुरू झालं. थोड्या महिन्यांत बंद पडलं. १ सप्टेंबर २०१९ ला ट्रूजेटचं मोठं, एटीआर विमान आलं, अहमदाबाद आणि मुंबईला जोडणारं. मधे कोरोना आला, पुढे ती कंपनीच थांबली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ नावाच्या कंपनीनं गोवा आणि हैदराबाद सुरू केलं, नंतर पुणं. हैदराबाद आणि पुणं म्हणजे आपली मुलं जिथं कॉम्प्युटरच्या नोकऱ्या करतात ती गावं! ज्याला हे जमून गेलं, तो सकाळी पुण्यात नाश्ता करून दुपारी बुऱ्हाणपुरात जेवायला असतो.

हे असं चालू-बंद का होतं, यावर लोक लगेच कंपन्यांना शिव्या घालतात. पण हिशेब बघा. छोट्या विमानाला प्रत्येक फेरीत बहुतेक जागा भरलेल्या लागतात. सरकारी मदत ठराविक वर्षांची. शहरात रोज जाणारे प्रवासी किती, हे कंपनी मोजते तेव्हा जळगाव जिल्हा मोजते. बुऱ्हाणपूर, खंडवा, नेपानगर इथले प्रवासी त्यांच्या हिशेबात किती येतात, मला शंका आहे. कारण इथून तिथं जायची सोयच नीट नाही. जळगाव आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, इंदूर एकशे ऐंशीच्या आसपास. तरी बहुतेक लोक इंदूरला जातात.

इंदूरला जातात याचं कारणही आहे. २०१२ मध्ये तिथं नवी मोठी इमारत झाली, दिवसभर विमानं असतात, १५ जुलै २०१९ पासून थेट दुबईचं विमानही सुरू झालं. म्हणजे आखातातल्या मुलाला मुंबई चुकवून यायची वाट मिळाली. फक्त इंदूर-इच्छापूर रस्ता ज्यानं केलाय त्याला विचारा. अशीरचा चढ, देशगाव, सनावद, मग मोरटक्क्याचा नर्मदेचा पूल, बडवाह, भेरूघाट, सिमरोल. नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल बंद. घाटात एक ट्रक आडवा झाला की विमान गेलंच म्हणून समजा. रस्ता चौपदरी होतोय, तेव्हा पुढच्या काही वर्षांत हे दुखणं कमी होईल.

सातपुड्यातली एक अलीकडची घटना सांगायलाच हवी, कारण विमानाचा विषय निघाला की आपण फक्त प्रवाशांचं बोलतो. आपल्या पट्ट्यात, शिरपूर, धुळे, जळगाव इथं, वैमानिक शिकवणाऱ्या संस्था आहेत. १६ जुलै २०२१ ला शिरपूरहून उडालेलं एक शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळच्या डोंगरात कोसळलं. शिकवणारा वैमानिक जागीच गेला, शिकणारी मुलगी जबर जखमी. रस्ता नाही, डोंगर, पाऊस. आसपासचे आदिवासी धावत गेले. जखमी मुलीला न्यायला काही साधन नव्हतं, तेव्हा तिथल्या एका बाईनं अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी बांधली आणि माणसांनी ती झोळी खांद्यावर घेऊन मुलीला खाली आणलं. ती मुलगी वाचली. त्या बाई विमानात कधी बसल्या असतील असं वाटत नाही.

एकेकाळी आपलं गाव शिंद्यांकडे होतं. त्या घराण्यातले पिता-पुत्र, माधवराव आणि ज्योतिरादित्य, दोघंही देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. म्हणून निवडणुका आल्या की ‘बुऱ्हाणपूरला विमानतळ’ अशी चर्चा चौकात रंगते. माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगतो, आपल्याला विमानतळ नको. जळगावची इमारत पाच वर्षं रिकामी पडलेली बघितली आहे. आपल्याला हवी आहे एक बस. जळगावच्या विमानाच्या वेळेला धरून बुऱ्हाणपूरहून सुटणारी, विमान उशिरा आलं तर थांबणारी, रावेर-सावदा-भुसावळ करत थेट कुसुंब्याच्या विमानतळावर जाणारी. तिला परवाना दोन राज्यांचा लागेल, म्हणून कुणी हात लावत नाही. १९११ मध्ये नैनीला विमान उतरलं तेव्हा रेल्वे पत्रं घ्यायला हजर होती. एवढी साधी गोष्ट शंभर वर्षांनी आपल्याला जमू नये?

ज्यांचे आई-वडील इथं एकटे आहेत, त्यांनी तोवर एवढं करा. जळगाव, इंदूर आणि मुंबई, तिन्हीकडच्या आजच्या वेळा लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी बदला, कारण जळगावच्या वेळा बदलतात. भुसावळ आणि जळगावच्या दोन विश्वासू गाडीवाल्यांचे नंबर शेजाऱ्यांकडेही देऊन ठेवा. रात्री-बेरात्री फोन करायची वेळ आली तर डोकं चालत नाही.

आणि एक विनंती. कुणाच्या ट्रंकेत, देवघराच्या खालच्या कप्प्यात १९४९ ते १९५६ मधली पाकिटं वा अंतर्देशीय पत्रं असतील, तर दोन्ही बाजूंचे फोटो टाका. आतला मजकूर घरचा असतो, तो नको. पण मागच्या बाजूला वाटेतल्या टपाल कार्यालयांचे शिक्के असतात. शिक्का नागपूरचा आहे की भुसावळचा, आणि त्यावरची तारीख काय, एवढं वाचता आलं तरी ते पत्र कोणत्या रात्री, कोणत्या वाटेनं आपल्या गावात आलं ते कळेल. आमच्याकडच्या दोन पाकिटांचे फोटो खाली देतो आहे. दुसऱ्यावरचा शिक्का पुसट आहे, भिंग घेऊन बघा, ज्याला लागेल त्यानं सांगा.